न फुटलेलें शिरस्त्राण

आमच्या घरांत वस्तु सहसा मरत नाहीं. साडीची गोधडी होते, गोधडीचें पायपुसणें होतें, आणि ज्याचें कांहींच होऊं शकत नाहीं तें माळ्यावर चढून आपल्या पाळीची वाट पाहत बसतें. अशा संस्कारांत वाढलेल्या आम्हांवर ९,५०० रुपयांचें, डोळ्यांना धडधाकट दिसणारें एक शिरस्त्राण स्वतःच्या हातानें निकामी करण्याची वेळ आली.

पन्नाशी उलटल्यावर आम्हांस मोटारसायकल आडवाटेनें हांकण्याचा नाद लागला. रविवारीं पहांटे पुण्याहून निघावें, तोरण्याच्या पायथ्याकडच्या गाडीवाटांवर मुरूम, गोटे व चिखल यांच्याशीं झगडावें आणि जेवणवेळेस घरीं परतावें, असा क्रम. हंसावयाचें असेल त्यांनीं हंसावें. घरच्या मंडळींचें हंसून झालें आहे.

या नादाला चिलखत लागतें. तें निवडतांना आमची पहिली चूक ही कीं, गुडघ्यांचीं कवचें आम्हीं दुकानांत उभ्यानें घालून पाहिलीं. उभ्यानें तीं अप्रतिम बसलीं. गाडीवर बसतांच सरकलीं आणि गुडघे उघडे पडले. तेव्हांपासून कोणतेंहि कवच आम्ही दुकानाबाहेरच्या गाडीवर बसून पाहतों. बूट नडगीपर्यंत उंच व घोट्याशीं ताठ हवेत. ते घालून चालणारा मनुष्य बदकासारखा दिसतो, पण गाडी पायावर आडवी झाली म्हणजे त्या ताठपणाची किंमत कळते. हातमोज्यांचा तळवा मात्र पातळ असावा. शिरस्त्राणावर आय. एस. ४१५१ चा शिक्का पाहावाच. शिवाय हनुवटीखालचा पट्टा आवळून, मागची कड धरून तें पुढें लोटून पाहावें. डोक्यावरून निघून आलें तर फुकट मिळालें तरी घेऊं नये.

१९३५ च्या मे महिन्यांत अरबस्तानचा लॉरेन्स इंग्लंडांत मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनीं वारला. त्याच्या डोक्यावर कांहीं नव्हतें. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्यांनीं पुढें १९४१ मध्यें मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांवर लेख प्रसिद्ध करून शिरस्त्राणाचें महत्त्व मांडलें. आजच्या शिरस्त्राणाची टणक कवटी नजरेंत भरते, पण मोठें काम तिच्या आंतला थर्माकोलसारखा पांढरा थर करतो. आघात झाला कीं तो दबतो आणि डोक्याला बसणारा हिसका सौम्य करतो. एकदां दबला कीं तो पूर्ववत् होत नाहीं, आणि बाहेरून पाहणाराला याचा पत्ता लागेलच असें नाहीं.

निगा राखण्यांत आम्ही मूळचेच पटाईत. शिरस्त्राणाचें अस्तर काढून कोमट पाण्यांत सौम्य साबणानें धुवावें व सावलींत वाळवावें. चिखलाचे डाग काढण्यास पेट्रोल कधींहि वापरूं नये. तो पांढरा थर त्यानें विरघळतो. चष्म्यावरचा वाळलेला तांबडा चिखल फडक्यानें पुसणें म्हणजे पॉलिश पेपर घासणें. आधीं पाणी ओतावें. श्रावणांत बुटांना बुरशी धरते, म्हणून सगळीं बक्कलें उघडून आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे. आमची ही निष्ठा पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, घरच्या भांड्यांना कधीं इतका जीव लावला असता तर!"

मागल्या वर्षीं आषाढांत एका उतारावर पुढचें चाक निसटलें आणि आमचें डोकें काळ्या दगडावर आपटलें. घरीं येऊन आम्हीं सांगितलें, गाडी चिखलांत रुतली होती. दुसऱ्या दिवशीं कचेरीच्या वाटेवर डॉक्टरांकडे गेलों, तेंहि कळूं दिलें नाहीं. नवें शिरस्त्राण गुपचूप घेतलें, अगदीं त्याच रंगाचें. जुन्यावर ओरखडा म्हणावा असाहि नव्हता. तें टाकवेना, धुऊन, पुसून माळ्यावर ठेवलें.

गेल्या महिन्यांत बहीण आणि भाचा आले. भाच्याला मित्रांबरोबर माळशेजकडे जावयाचें होतें. माळ्यावर दुसरेंच कांहीं शोधतांना सौभाग्यवतींना तें सांपडलें. "अहो, हें तर नव्यासारखं आहे! याला द्या कीं." भाच्यानें घातलें, तंतोतंत बसलें. आमची बहीण कौतुकानें पाहत होती. "मामा, राहूं दे ना माझ्याकडे?"

माप मोठें आहे, रंग जुना झाला, अशीं पुष्कळ कारणें जिभेच्या टोंकाशीं येऊन गेलीं. पण आज सबब सांगून परत वर ठेवलेलें तें शिरस्त्राण उद्यां आम्ही घरीं नसतांना पुन्हां खालीं येणार होतें.

"त्यानें एक डोकं वांचवलं आहे," आम्ही म्हणालों. "आतां दुसरं वांचवण्याचा भरंवसा नाहीं."

"कोणाचं डोकं?" सौभाग्यवतींनीं विचारलें.

सर्व सांगावें लागलें. बहिणीनें मुलाच्या डोक्यावरून तें स्वतः काढून घेतलें. आम्हीं त्याचे पट्टे कात्रीनें कापले. त्या दिवशीं घरांत आमच्याशीं फारसें कोणी बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं भाच्यासाठीं नवें घेण्यास सौभाग्यवती आमच्याबरोबर दुकानांत आल्या. त्याच्या हनुवटीखालचा पट्टा आवळून, मागची कड धरून त्यांनीं तें पुढें लोटून पाहिलें. दोनदां.