घरट्याच्या झुडपाला फवारा नाही

मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि उन्हानं आधीच हैराण झालेल्या जास्वंदीवर नेमका पिठ्या ढेकूण चढतो. शेंडे कापूस चिकटल्यागत पांढरे होतात, कळ्या गळतात. घरमालकाला तेव्हाच्या तेव्हा औषध मारायचं असतं. खानदेशात ते शोधायला लांब जावं लागत नाही. कपाशीवर मारून उरलेली बाटली कुठल्या तरी फळीवर असतेच. अंगणातल्या झुडपावर ती ओतणं हा माझ्या मते निव्वळ अडाणीपणा आहे. अर्जेंटिनात १९९५-९६ मध्ये मोनोक्रोटोफॉस हे असंच एक कीटकनाशक फवारलेले नाकतोडे खाऊन हजारो शिकारी पक्षी मेले. आपला बुलबुल एरवी फळं खातो, पण पिल्लांना भरवतो मुख्यतः अळ्या आणि किडे.

म्हणून मी आधी झुडूप हातानं उलगडून बघतो. जास्वंदीच्या पानात शिंपी पक्ष्यानं टाके घातलेत का? तगरीत, मेंदीच्या कुंपणात बुलबुलाची वाटी आहे का? असेल तर त्या झुडपाला निंबोळी अर्कसुद्धा नाही. अर्काच्या विषाची भीती नाही. पण पंपाच्या आवाजानं मादी उठली, तर उघड्यावर पडलेली अंडी आपल्या उन्हात शिजायला वेळ लागत नाही.

मग करायचं काय? मुंग्या बघायच्या. पिठ्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात, वर घरट्यातल्या पिल्लांनाही डसतात. बुंध्याशी वारूळ मोडावं, घरट्यापासून दूरची भिंतीला टेकलेली फांदी छाटावी. चिकटपट्टी मात्र बांधू नये, तिला चिमुकले पक्षीही चिकटतात. लांबच्या शेंड्यांवर साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. घासताना एक बघा: पिठ्यासारखीच पांढरी, पण तुरुतुरु चालणारी अळी दिसली तर ती क्रिप्टोलेमस ढालकिड्याची असू शकते. हा किडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी, पण फडशा पाडतो पिठ्याचा. लोक त्यालाच आधी चिरडतात!

घरट्यापासून लांबच्या रिकाम्या झुडपांना अर्क खुशाल मारा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालायचा आणि ऊन उतरल्यावर फवारायचं.

अंडं घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण महिना जातो. तेवढ्यात पिठ्यानं धडधाकट जास्वंद मेलेली मी पाहिलेली नाही. तेवढा महिना घरट्याच्या झुडपापासून पंप लांब ठेवा.