सौ.च्या पाटल्या आणि कार्डिफची वही

आमचे धाकटे मेहुणे सांगलीला हळदीचा व्यापार करतात. २०२३ च्या नवरात्रात ते आमच्याकडे आले ते इंग्लंड जिंकल्याच्या थाटात. लंडनच्या एका कंपनीने कंटेनर भरून हळद मागवली होती. पैसे मात्र माल पोहोचल्यावर ६० दिवसांनी. भांडवल कमी पडत होते, म्हणून बहिणीच्या पाटल्या गहाण ठेवायला हव्या होत्या. बहिणीने अर्थातच होकार देऊन टाकला होता. मला विचारण्यात आले ते लॉकरची किल्ली कुठे आहे, एवढेच.

किल्ली शोधता शोधता मी कंपनीचे पत्र वाचले. बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला ही खोड असतेच. कागद झकास, मथळ्याखाली ‘तीस वर्षांची अखंड सेवा’ आणि अगदी तळाशी, बारीक टायपात, आठ आकडी नोंदणी क्रमांक.

“हा क्रमांक कुणी तपासला का?”

“भाऊजी, इंग्रजांची कंपनी आहे. तिथे असलं काही नसतं हो!”

ज्या देशाने एका अख्ख्या कंपनीचे राज्य शंभर वर्षे भोगले, तिथला माणूस हे म्हणत होता!

इंग्लंडात १८४४ च्या कायद्यापासून कंपन्यांची सरकारी नोंद होते. इंग्लंड आणि वेल्समधल्या कंपन्यांचे दप्तर कार्डिफच्या ‘कंपनीज हाऊस’मध्ये असते. कुणीही घरबसल्या, एक पैसाही न देता, ते चाळावे. मी आकडे टाकले. कंपनी सापडली. नावापुढे ‘चालू’ असा शेरा पाहून मेहुण्यांनी विजयी मुद्रेने बहिणीकडे पाहिले.

पण वहीतला ‘चालू’ हा शब्द मोठा चालू आहे. त्याचा अर्थ एवढाच, की नाव अजून खोडलेले नाही. कंपनी पैसे देईल की नाही, हे तो सांगत नाही. त्या काळी १२ पौंडांत तिथे कंपनी काढता येई, आणि लिहून दिलेले खरे की खोटे हे निबंधक सहसा तपासत नसे. ते अधिकार त्याला मार्च २०२४ मध्ये मिळाले. तेव्हा शेरा सोडून मी आतली पाने उलटू लागलो.

स्थापना : मार्च २०२२. तीस वर्षांची सेवा दीड वर्षात कशी बसवली होती, कोण जाणे. दाखल केलेला एकुलता एक हिशेब ‘निद्रिस्त’ कंपनीचा, म्हणजे वर्षभरात देवघेवच नाही. आणि ‘चालू’च्या शेजारीच आणखी चार शब्द होते, ते उत्साहाच्या भरात आम्ही दोघांनीही वाचले नव्हते : नाव खोडण्याचा प्रस्ताव. कुणी हरकत घेतली नाही, तर नोटिशीपासून दोन महिन्यांनी कंपनी वहीतून नाहीशी व्हायची.

“आणि मग तिच्याकडे काही उरलं असलं तर?” सौ.ने विचारले.

“बेवारस म्हणून ते तिथल्या राजाकडे जमा होतं.”

“म्हणजे माझ्या पाटल्यांची हळद राजाला? कोहिनूर नेला तेवढा पुरे नाही का झाला?”

मेहुणे मात्र उठून गॅलरीत गेले. “भाऊजींना कुणाचं बरं झालेलं बघवत नाही,” हे मला ऐकू येईल इतक्या बेताने बहिणीला म्हणाले. मी मध्यममार्ग सुचवला : बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट मागा, देत असतील तर पाटल्या मीच आणून देतो. त्यांनी नाराजीनेच पत्र पाठवले. उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्राचेही नाही. हळद शेवटी सांगलीच्या पेठेत गेली, थोड्या कमी भावाने, आणि त्या भाऊबीजेला मेहुणे आले नाहीत. सौ.ने ओवाळणीचे तबक तयार करून ठेवले होते. ते तिने रात्री मुकाट्याने आवरले. त्या रात्री मला माझ्या शहाणपणाचा काही विशेष आनंद झाला नाही.

जानेवारीत मी ती वही पुन्हा उघडली. ‘चालू’च्या जागी ‘विसर्जित’ होते. मेहुण्यांना कळवावे असे फार वाटले, पण सौ. म्हणाली, “राहू द्या हो.”

पुढच्या भाऊबीजेला मात्र ते आले. जेवण झाल्यावर खिशातून एक चिठ्ठी काढून त्यांनी हळूच माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर आठ आकडे होते.