पऱ्हाटीचं फूल आणि गृहपाठ

आमच्या मेहकर भागात गृहपाठ अडला की मूल वही घेऊन घराबाहेर पडायचं. व्याकरणासाठी पेन्शनीत निघालेल्या एका गुरुजींचा ओटा ठरलेला असे. वृत्त ओळखायचं तर ते आधी ओळ मोठ्यानं म्हणायला लावत, मग बोटांवर लघु-गुरू मोजायला. 'यमाताराजभानसलगा' सगळ्यांनाच पाठ होतं. पण जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात येतो की नाही, हे कानानं ठरवायचं असतं, हे कळलं त्या ओट्यावरच. आम्ही घरी 'मले', 'तुले' बोलणारी पोरं. वहीत तसं उतरलं तर गुरुजी ते खोडत नसत. शेजारी 'मला' लिहीत आणि सांगत, "हे पुस्तकातलं, ते आपल्या वऱ्हाडीतलं. चतुर्थी दोन्ही."

जीवशास्त्रात फुलाचा उभा छेद काढायचा होता. पुस्तकात जास्वंद, आणि गल्लीतली एकमेव जास्वंद देवपूजेला राखलेली. माय म्हणाली, वावरातून पऱ्हाटीचं फूल ने. पऱ्हाटी म्हणजे कापूस; कापूस, जास्वंद आणि भेंडी एकाच कुळातली, त्यामुळे अडचण आलीच नाही: तीच पुंकेसरांची नळी, तिच्यातून वर आलेली कुक्षी, आणि तळाशी अंडाशय, ज्याचं पुढे बोंड होतं. आज पांढरट उमललेलं फूल उद्या गुलाबी पडतं, हे मायनं सांगितलं. ती शाळेत गेली नव्हती. पण जन्मभर कापूस वेचत आली होती.

कवितेच्या रसग्रहणाला गाइड होतं, तरी ताई ते उघडू देत नसे. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या वेळी, हे आधी सांग म्हणायची. कविता लिहिणारा माणूस आपल्यासारखाच गावात राहतो, हे मेहकरात कुणाला पटवावं लागत नव्हतं. ना. घ. देशपांडे इथेच वकिली करत. 'शीळ' हा संग्रह 1954 साली आला. त्यातलं शीर्षकगीत त्याआधीच जी. एन. जोशींच्या आवाजात महाराष्ट्रभर गेलं होतं. त्यांच्या 'खूणगाठी' या संग्रहाला 1986 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता भाची पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करते, प्रश्नाचा फोटो काढते आणि रसग्रहण तयार मिळतं. मला त्याचा राग नाही. दिवेलागणीनंतर गुरुजींच्या ओट्यावर मुली क्वचितच दिसत, शेतातल्या वस्तीवरची पोरं तर नाहीच. त्यांना आज रात्री दहालाही विचारता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे. 2020 च्या जूनमध्ये जवळच्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा शाळा बंद होत्या. खाऱ्या पाण्यातल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग, हे भाचीला मोबाइलवरच समजलं.

पण लोणार इतकं जवळ असूनही तिनं ते पाणी अजून पाहिलेलं नाही, आणि तिच्या वहीतल्या फुलाला तिनं हात लावलेला नाही. रसग्रहण लिहून झालं तरी कविता एकदाही मोठ्यानं म्हटलेली नसते. ओट्यावर उत्तर मिळायच्या आधी आपल्यालाच चार प्रश्न विचारले जात, आणि खरी मदत तीच होती. आमच्या भागात पेन्शनीतले शिक्षक आजही आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसावं, वेळ मुलींना सोयीची ठेवावी, आणि मोबाइल घेऊन आलेल्या पोरांनाही आत घ्यावं.