जेवलास का?

कंपनीच्या कामासाठी मी तीन महिने नैरोबीत होतो. बाबा गेल्यापासून आई बडोद्यात एकटी. मी रात्री नऊला घरी यायचो तेव्हा तिकडे साडेअकरा वाजलेले असायचे. तरी ती जागी राहून फोन करायची, "जेवलास का? काय जेवलास?" मी "कामात आहे गं, उद्या बोलू" म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवायचो.

एका शनिवारी सहकाऱ्यांबरोबर अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात गेलो. हत्ती बघायचे होते, पण जीव रमला तो बबून माकडांत. पावागडची वानरं मी लहानपणापासून पाहिली आहेत, पण हे प्रकरण वेगळंच! कुत्र्यासारखं लांब तोंड, पिवळसर अंग आणि शेपूट आधी वर जाऊन मग मोडल्यासारखं खाली लोंबणारं. तान्ही पिल्लं मात्र काळीभोर, आईच्या पोटाला चिकटलेली.

टोळी गवताचे कंद उकरून खात होती. बाभळीच्या शेंगा, डिंक, किडे, सापडलं तर सशाचं पिल्लूही त्यांना चालतं. गालात पिशव्या असतात. आधी भरून घ्यायचं, मग निवांत चावायचं.

गाईड म्हणाला, "माद्या जन्मभर एकाच टोळीत राहतात. मुलीला आईच्या खालोखाल मान मिळतो. नर मात्र मोठे झाले की टोळी सोडून जातात."

"म्हणजे आपल्यासारखेच," मी म्हणालो. सगळे हसले.

दुपारी सावलीत एक मादी दुसरीच्या केसांतून गोचीड वेचत बसली होती. कितीतरी वेळ. मला तो निव्वळ टाइमपास वाटला.

परतल्यावर उत्सुकतेने वाचलं. अंबोसेलीतल्या बबूनांचा अभ्यास १९७१ पासून चालू आहे. तिथल्या १६ वर्षांच्या नोंदींवरून २००३ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की ज्या माद्या इतरांजवळ जास्त बसतात, एकमेकींचे केस साफ करतात, त्यांची पिल्लं जास्त जगतात. मला जो टाइमपास वाटला होता, त्याचाच हिशेब त्यांनी इतकी वर्षं ठेवला होता.

त्या रात्री फोन आला. "जेवलास का?"

मी लॅपटॉप मिटला. "जेवलो. उगाली खाल्ली."

"ती काय असते?"

"मक्याच्या पिठाची, घट्ट."

"म्हणजे आपली उकडच की रे! फोडणी घालतात का?"

मग बाबांना आवडणाऱ्या उकडीपासून शेजारच्या काकूंच्या गुडघ्यापर्यंत सगळं झालं. चाळीस मिनिटं. फोन ठेवताना तिने काळजीने विचारलं,

"आज काम नव्हतं का रे? सगळं ठीक आहे ना?"