यात्रेची गाडी विकताना



आपल्या बऱ्याच घरांत गाडीचे कागद म्हणजे पुरुषांचे काम. किराणाचा हिशेब आपण पैशापर्यंत लावतो, पण आरसी कुठल्या कपाटात आहे हे ठाऊक नसते. यांच्या पश्चात आमची यात्रेची गाडी मला विकावी लागली. त्यातून जे समजले ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

गाडी म्हणजे टेंपो ट्रॅव्हलरमध्ये केलेली छोटी खोलीच. मागे झोपायच्या दोन जागा, पाण्याची टाकी, शेगडीसाठी ओटा. गाळलेले पाणी आणि सूर्यास्ताआधीचे जेवण प्रवासात सांभाळता यावे म्हणून यांनी हौसेने करून घेतली होती. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला आम्ही तिच्यातूनच गेलो. हे गेल्यावर ती दारात नुसती उभी राहिली. मुलगा पुण्याला, चालवणार कोण? वापर नाही ती वस्तू धरून कशाला ठेवायची, म्हणून विकायचे ठरवले.

पहिला एजंट आला तो म्हणाला, "काकू, आरसी काकांच्याच नावावर राहू द्या. कोऱ्या फॉर्मवर सही करा, साडेचार लाख रोख आत्ता घ्या. पुढचे आम्ही बघतो." भाव चांगला होता, पण मी नको म्हणाले. बी.कॉम. झाल्याला चाळीस वर्षे उलटली, तरी एवढे पक्के आठवते की नोंद झाल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही.

गाडीचे तर अगदी तसेच आहे. मोटार वाहन कायद्यात ज्याच्या नावावर नोंद, तोच मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले. गाडी हातोहात तीन-चार जणांना विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. आपण पैसे घेतले, किल्ली दिली, तरी आरसीवर नाव आपले असेल तर दंडाची चलने आणि अपघाताची नोटीस आपल्याच दारात येते.

गाडी यांच्या नावावर होती, म्हणून आधी ती माझ्या नावावर करून घेतली. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, आरसी, विमा हे सगळे मुलाने जुळवून दिले. दुःखाच्या दिवसांत हे नकोसे वाटते खरे, पण तेव्हाच केलेले बरे.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी घेऊन फॉर्म ३५ ने बोजा उतरवून घ्यावा. थकलेली ई-चलने आधी भरून टाकावीत. गाडीत जे बदल करून घेतले असतील ते आरसीतल्या नोंदीशी जुळतात का, तेही पाहावे. घरगुती गॅसचे सिलिंडर गाडीबरोबर देऊ नका, कनेक्शन आपल्या नावावर असते.

गिऱ्हाइकांचे फोन खूप आले. एकाने गाडी न बघताच "टोकन पाठवतो" म्हणून क्यूआर कोड पाठवला. मैत्रिणींनो, एवढे लक्षात ठेवा : पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. मी फोन ठेवून दिला.

गाडी बघायला दिवसाउजेडीच बोलावले, घरात दीर असतील अशा वेळी. चालवून बघणाऱ्याचे लायसन्स आधी पाहिले आणि दीर शेजारी बसले. मूळ कागद हातात दिले नाहीत. झेरॉक्सवर "फक्त गाडी विक्रीसाठी" असे लिहून तारीख घातली.

शेवटी इचलकरंजीचे एक कुटुंब आले. क्लच बदलायला झाला आहे आणि टाकी एका बाजूने झिरपते, हे मी त्यांना आपणहून सांगितले. दीर म्हणाले, "वहिनी, किंमत पाडून मागतील." मागितलीच, पंधरा हजार कमी. दिली. सत्य अणुव्रत फक्त मंदिरात पाळायचे नसते, आणि त्या गाडीत त्यांची लहान मुले बसणार होती.

पैसे बँकेतूनच घेतले. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्यात बसत नाही. मोबाइलवरच्या मेसेजवर भागवले नाही, खात्यात रक्कम जमा झालेली बघून मगच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, एकही रकाना कोरा न ठेवता. फॉर्म २९ म्हणजे गाडी विकल्याची आपण आरटीओला दिलेली खबर. राज्यातल्या राज्यात ती १४ दिवसांत द्यायची असते. घेणारे बेळगावकडचे असते तर फॉर्म २८ ची एनओसीही लागली असती. गाडी देताना तारीख आणि वेळ घालून पावती केली, दोघांच्या सह्या घेतल्या. फास्टॅग बंद केला, विमा कंपनीला कळवले. नवीन नावाच्या आरसीची प्रत हाती आली, तेव्हा मी फाइल बंद केली.

गाडी विकायची नसली तरी एक काम या आठवड्यात करा. घरच्यांना विचारून आरसी बाहेर काढा, नाव कोणाचे आहे ते वाचा. २०२१ पासून आरसीवर वारसदार म्हणून नॉमिनीचे नाव घालता येते. हे विचारणे म्हणजे अशुभ बोलणे नव्हे. संसाराच्या वहीतले ते एक पान आहे, आणि ते आपल्यालाही वाचता आले पाहिजे.