कळ दाबली तरी कळेना

मराठीतल्या 'कळ' या शब्दाचं मला पहिल्यापासून कौतुक आहे. यंत्राची कळ दाबायची असते, दुखण्याची कळ सोसायची असते, भावंडांची कळ काढायची असते, आणि नारदमुनींनी ती लावायची असते. एका शब्दाने इतक्या घरी जेवावं, ही भाषेची काटकसर म्हणायची. पण दोन वर्षांपूर्वी यातल्या पहिल्या दोन कळा एकदमच माझ्या उजव्या हातात मुक्कामाला आल्या.

सुरुवात मुंग्यांपासून झाली. रात्री झोपेत हाताला मुंग्या येत. मग दिवसा येऊ लागल्या, आणि एके दिवशी मुंग्या गेल्या त्या बोटांतलं जे काही होतं ते घेऊनच गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं की मनगटात एक बोगदा असतो. त्यातून शीर जाते. तुमचा बोगदा अरुंद झालाय आणि शीर चेपली गेलीय. खंडाळ्याच्या घाटात गाडी अडकावी आणि पुण्याच्या लोकांनी ताटकळत बसावं, तशी माझी बोटं बसली होती. ही शीर अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना पुरवठा करते. करंगळीची शीर वेगळी. तेव्हा करंगळी ठणठणीत. छोटंसं ऑपरेशन झालं, पंधरा-वीस मिनिटांचं. "संवेदना येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले, "काही महिने लागतील. पूर्ण येईलच असं मात्र सांगत नाही." हे शेवटचं वाक्य ते दाराकडे बघत म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त माणसाला बोटं लागतात कशाला? चहाचा कप धरता आला म्हणजे झालं. पण मी टंकलेखक. मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची सरकारी प्रमाणपत्रं अजून कपाटात आहेत. ती मी ज्या यंत्रावर मिळवली ते गोदरेजचं होतं. पहिलं भारतीय बनावटीचं टंकलेखन यंत्र गोदरेजनेच १९५५ साली बाजारात आणलं होतं. आमच्या इन्स्टिट्यूटमधलं यंत्र बहुधा त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी असावं, कारण ते उचलायला दोन माणसं लागत आणि त्यातलं एक नेहमी गैरहजर असे. मास्तर आमच्या हातांवर रुमाल टाकायचे. बघायचं नाही, बोटांना कळलं पाहिजे! आणि कळायचंही. कळ दाबली की हातोडा उठायचा, फितीवर आदळायचा, आणि त्या आदळण्याची बातमी बोटातून थेट खांद्यापर्यंत यायची. पुढे कचेरीत पाच-पाच कार्बन कॉप्या काढताना तर एकेक अक्षर खिळा ठोकल्यासारखं ठोकावं लागे. तरी पाचवी प्रत वाचता यायची नाही. म्हणूनच ती फायलीला लावत.

नंतर कचेरीत संगणक आला आणि मी इनस्क्रिप्ट शिकलो. या इनस्क्रिप्टची मांडणी फार शहाणपणाची आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे माझा डावा हात सगळे काने-मात्रे शाबूत देत होता आणि उजवा व्यंजनं गाळत होता. तर्जनीखाली र, प, ह, ल, स, ब. मधल्या बोटाखाली क आणि ग. हे सगळं बधिर झालेलं. लॅपटॉपच्या त्या सपाट कळा, पापडासारख्या पातळ! दाबली की नाही हे माझं मलाच समजेना. दोनदा दाबावी तर दोन 'र' उमटायचे, एकदा दाबावी तर एकही नाही. करंगळीखाली मात्र च, ज, ट, ड आणि य. त्यातला 'च' बिनचूक उमटत असे. मराठी माणसाचं बाकी सगळं गळून पडलं तरी 'च' जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

बरं, लिहिणं म्हणजे काय, तर मी आमच्या सोसायटीचा मानद सचिव आहे. वार्षिक सभेचं इतिवृत्त मी लिहितो. त्या वर्षीच्या इतिवृत्तात 'सदनिका क्रमांक चौदाला कायदेशीर वारस आहेत' या वाक्यातला 'र' गळला आणि ते सही-शिक्क्यानिशी 'सदनिका क्रमांक चौदाला कायदेशीर वास आहेत' असं सगळ्यांच्या दारात पडलं. चौदावाले तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले, तेव्हा न बोलणं बरं होतं असं वाटलं.

माझा भाचा पुण्याला हिंजवडीत असतो. तो दिवाळीला आला, त्याने ते इतिवृत्त वाचलं, पोट धरून हसला, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "मामा, तुम्हाला टॅक्टाइल स्विच हवेत."

मी म्हटलं, "मला शीर हवीय."

"शीर येईल तेव्हा येईल. तोपर्यंत कळेला बोलू दे."

दुसऱ्या दिवशी त्याने एक पाटी आणली. पाटीवर नऊ चौकोनी कळा, प्रत्येकीखाली वेगळ्या रंगाचा स्विच. चेरी नावाच्या कंपनीने असे स्विच १९८०च्या दशकात काढले, पुढे पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही काढले, आणि आता त्यांच्या इतक्या जाती झाल्यात की त्यांपुढे आंबा गरीब वाटावा. पण मूळ गोत्रं तीनच. लाल म्हणजे सरळ: दाबत जा, खाली जात राहते, कुठे काही नाही. निळी म्हणजे टिकटिकी: प्रत्येक अक्षराला खटका वाजणार. आणि तपकिरी म्हणजे टॅक्टाइल: आवाजाचा खटका नाही, पण वाटेत बोटाला एक उंचवटा लागतो. रस्त्यावरच्या गतिरोधकासारखा. तो ओलांडला की समजायचं, अक्षर गेलं.

माणसांतही या तीन जाती असतात हे मला तेव्हाच जाणवलं. आमच्या कचेरीत एक साहेब होते, त्यांना काहीही सांगा, चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. लाल जात. अर्ज त्यांच्यात कुठपर्यंत गेला, कळायला मार्ग नसे. आमचे सोसायटीचे अध्यक्ष निळे. दोन ओळींचं पत्र वाचलं तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. आणि आमची ही? ही पेपर वाचत असते, मी काहीतरी सांगत असतो, आणि मधेच ती हळूच "हं" म्हणते. मान वर करत नाही. पण त्या 'हं'वर मी चाळीस वर्षं बोलत आलोय.

मी नऊही कळा दाबून पाहिल्या. तपकिरीचा उंचवटा माझ्या तर्जनीला मुळी लागलाच नाही. तो धडधाकट बोटांसाठी. पुणेरी अपमानासारखा, नीट लक्ष दिलं तरच समजणारा. आठवी कळ मात्र दाबताक्षणीच अडली, आणि मग धप्पकन गेली. तर्जनीला पुसटसं काहीतरी लागलं. दोन खोल्या सोडून कुणी दार लावावं तसं. मी म्हटलं, हीच.

भाच्याने फळा मागवला सत्त्याऐंशी कळांचा, ज्यातले स्विच डाग न देता काढता-घालता येतात असा. स्विच दहाच्या पटीत मिळत होते म्हणून नव्वद आले. मला वाटलं, बसवले की झालं. पण या छंदातली माणसं बाजारातून आणलेली वस्तू आहे तशी वापरणं कमीपणाचं मानतात. भाचा म्हणाला, "मामा, आधी उघडायचे, वंगण लावायचं, स्प्रिंगा बदलायच्या. नाहीतर खरखर लागते."

स्विच म्हणजे एक इवलीशी डबी. तळ, झाकण, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर बसलेली एक खुंटी आणि कडेला धातूची पातळ पट्टी. खुंटीला दोन पाय असतात, ते या पट्टीला रेटून धरतात. कळ दाबली की पाय खाली सरकतात, पट्टी सुटते, शेजारच्या धातूला टेकते आणि संगणकाला निरोप जातो. सगळा प्रवास चार मिलिमीटरचा, आणि निरोप साधारण निम्म्या वाटेवरच निघतो. लाल जातीत हे पाय सपाट उताराचे. टॅक्टाइलमध्ये पायाला एक टेंगूळ असतं. पट्टी त्या टेंगळावरून चढून उतरते, तोच तो उंचवटा. म्हणजे इतका सगळा संसार एका मिलिमीटरभर टेंगळावर उभा!

भाचा पुण्याला गेला आणि पुढच्या सूचना फोनवर आल्या. वंगण अगदी पातळ. ब्रश चित्रकाराचा, शून्य नंबरचा. खुंटी ज्या खाचांतून खालीवर होते तिथे लावायचं. पायांना लावायचं नाही. मी कचेरीतला माणूस, सगळं लिहून घेतलं. फक्त 'पायांना लावायचं नाही' हे लिहिताना दाराची घंटा वाजली आणि माझं टिपण 'पायांना लावायचं' इथे थांबलं. त्या एका 'नाही'ची किंमत ऐका. सत्त्याऐंशी खुंट्या, प्रत्येकी दोन पाय. एकशे चौऱ्याहत्तर पायांना मी तीन दिवस बसून, जाड भिंग लावून, मनोभावे वंगण चोपडलं. पादसेवनाचं पुण्य असलं तर ते एव्हाना माझ्या नावावर जमा असेल.

चौथ्या दिवशी सगळे स्विच बसवले. दोघांचे पाय वाकडे झाले, ते चिमट्याने सरळ केले. मग 'र'वर तर्जनी ठेवली आणि दाबली.

काही नाही.

पुन्हा दाबली. प, ह, ल. काही नाही. दोन खोल्यांपलीकडचं ते दारही आता वाजेना. वंगणाचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मी धरून चाललो की बोटं आणखी गेली. डॉक्टर दाराकडे का बघत होते ते समजलं. दोन दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. जेवताना डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलत होतो. सोसायटीला कळवायचं पत्रही मनात तयार केलं: प्रकृतीच्या कारणास्तव मानद सचिवपदाचा राजीनामा. तेही टाइप कसं करणार, हा प्रश्न होताच.

तिसऱ्या दिवशी ही धूळ झटकायला आली. फडकं मारता मारता तिने चार कळा दाबल्या आणि म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणत होता तो खटका कुठाय? सगळं साबणासारखं लागतंय."

"तुला पण?"

"मला पण म्हणजे? यात काही नाहीच आहे."

चाळीस वर्षांच्या संसारात 'यात काही नाहीच आहे' हे वाक्य मी अनेक वस्तूंबद्दल ऐकलंय, पण त्याने डोळ्यांत पाणी यायची ती पहिलीच खेप. मी लगेच भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "पायांना लावलंत? मामा! टेंगूळ बुडालं की हो त्यात!" आणि पुढे अशी माहिती दिली की हे वंगण स्पिरिटमध्ये विरघळत नाही. प्रत्येक पाय पुसूनच काढावा लागेल.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा अध्याय सुरू झाला. ही तांदूळ निवडायची दोन ताटं घेऊन बसली. एका ताटात खुंट्या, दुसऱ्यात डब्या. कापसाच्या काड्यांनी ती पाय पुसत होती, मटार सोलतात त्या वेगाने, वर माहेरच्या गोष्टी चालूच. मी एक पुसेपर्यंत तिचे चार व्हायचे. स्प्रिंगा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तेलाचे थेंब टाकून हलवायच्या असतात, ते काम तिने भेळ कालवल्यासारखं केलं. डॉक्टरांनी जोर देऊ नका म्हटलं होतं, म्हणून मी हलक्यातली हलकी स्प्रिंग घालून पाहिली. तर कळ खाली गेली ती वर येईना, टेंगळाखालीच झोपली! उंचवटा मोठा हवा तर त्याला परत वर ढकलणारी स्प्रिंगही तशीच हवी. शेवटी मधल्या वजनाची जमली. हे ठरवायला अकरा दिवस लागले. लग्न ठरवायला चार लागले होते.

या खेपेला तर्जनीला पुन्हा ते दोन खोल्यांपलीकडचं दार लागलं. एवढ्यावर काम भागलं. पुढचं इतिवृत्त सगळ्या वारसांसकट बिनचूक गेलं.

नंतर पाच-सहा महिन्यांनी, पाणीकपातीची सूचना लिहीत होतो. 'सर्व सभासदांनी' लिहिताना 'र'वर बोट पडलं आणि मी थांबलो. दार शेजारच्या खोलीत वाजलं होतं. अगदी स्पष्ट. अडलं, चढलं, उतरलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा वाजलं. मग मी दाबतच राहिलो.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "आज एवढं काय लिहिताय?"

"र."

"काय?"

"र! नुसता र! ओळभर झाला!"

आतून हळूच "हं" ऐकू आलं. मग कुकरची शिट्टी झाली.