पाच आठवड्यांचं प्रगतिपुस्तक

ज्वारीच्या रानातून भुर्रकन उडणारा लावा खेड्यात वाढलेल्यांना ठाऊक असतोच. हल्ली बटेर म्हणून जे पाळतात, ते त्याचे जपानी भाऊबंद. १९७४ साली ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून आपल्या देशात आणले गेले. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी अशी शंभर पिल्लं आणली, म्हणून मला या विषयात डोकं घालावं लागलं. एरवी मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला पक्ष्यांच्या खाद्यातली प्रथिनं कशाला कळतात!

या पक्ष्याचं सगळंच घाईचं. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू अंड्याबाहेर येतं. तेव्हा वजन सात-आठ ग्रॅम. नीट सांभाळलं तर पाच आठवड्यांत दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे शाळेच्या उन्हाळी सुट्टीत पंचवीस पट वाढ! इतक्या घाईत एखादा आठवडा वाया गेला, तर तो भरून काढायला वेळच उरत नाही.

म्हणून सुरुवातीच्या खाद्यात प्रथिनं २५ टक्क्यांच्या आसपास लागतात. अंड्यावरच्या मोठ्या कोंबड्यांचं खाद्य स्वस्त पडतं, पण त्यात ती १६-१७ टक्केच असतात. शिवाय दाणा बारीक दळलेला हवा, कारण मोठा कण या चोचीत मावत नाही. ओल लागलेला, बुरशी धरलेला मका तर अजिबात नको.

घराचंही तसंच. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे ती हळूहळू कमी करायची. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकू लागली तर उकडतं आहे. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात, म्हणून खाली गोणपाट घालतात. पाण्याच्या भांड्यात खडे टाकतात, नाहीतर पिल्लू त्यातच बुडून मरतं. मोठा लावा दचकला की सरळ वर उसळतो आणि डोकं आपटून घेतो, म्हणून पिंजऱ्याचं छत बुटकं ठेवतात.

भाच्याने हे सगळं सांभाळलं होतं, खाद्यही उत्तम आणलं होतं. तरी चौथ्या आठवड्यात काही पक्षी गुबगुबीत आणि काही त्यांच्या निम्मे दिसू लागले. काहींच्या पाठीवर चोची मारल्याच्या जखमा होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून पन्नास पक्ष्यांना साधारण दहा चौरस फूट जागा लागते. तेवढ्यात त्याने शंभर ठेवले होते. दांडगे खाद्याच्या भांड्याशी ठाण मांडून बसायचे, दुबळे मागे राहायचे. खाली भाताचं तूस ओलं होऊन त्याच्या वासाने डोळे चुरचुरायचे. पोत्यातलं खाद्य चांगलं होतं, पण ते निम्म्या पोटांपर्यंत पोचतच नव्हतं.

"मावशी, जागा दुप्पट केली तर नफा काय उरणार?" त्याने विचारलं.

"अरे, आत्ता तरी काय उरतोय? तो हडकुळा पक्षी कोण घेणार?"

त्याने दुसरा पिंजरा केला, खाद्याची भांडी वाढवली. पुढची पिल्लं बरीच एकसारखी वाढली. सत्तर मुलांच्या वर्गात मागच्या बाकांवर माझा आवाज किती पोचत असेल, हे त्या पिंजऱ्यापुढे उभी असताना मनात आल्याशिवाय राहिलं नाही. मुलांचं कळायला वर्षं लागतात, लाव्यांचं पाच आठवड्यांत तराजूवर दिसतं.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. ही 'पुरेशी' जागा मी पट्टीने मोजून पाहिली. एका पक्ष्याच्या वाट्याला शाळेच्या वहीचं जेमतेम अर्धं पान येतं. त्याच्या इथल्या भाऊबंदांना सबंध रान असतं. तेवढं आपण देऊ शकत नाही, हे मला कळतं. पण हिशेब जुळत नाही म्हणून त्या अर्ध्या पानातही कुणी काटछाट करू नये. पाळायचे असतील तर आधी जागा मोजा, मग पिल्लं मागवा.